कंबरेचा वाफसा



या पानावर आपण कांद्याच्या करप्यावर बोलतो, कपाशीच्या बोंडअळीवर बोलतो, अद्रकीच्या कंदकुजीवर तर पार भांडतो. आज विषय कंबरेचा आहे. शेतीत सगळ्यात जास्त राबतं ते हेच अवजार, आणि त्याच्याकडं आपण बघतो ते मोडल्यावरच.

लिहायचं कारण सांगतो. गेल्या दोन महिन्यांत लासूर स्टेशनला बाजार समितीत, चहाच्या टपरीवर, कृषी केंद्रात निदान दहा जणांनी मला एकच गोष्ट विचारली. "तू म्हणं संभाजीनगरला जाऊन कंबर मोडून घेतली? फरक पडला का?" लगेच मोबाईल काढून तो व्हिडिओ दाखवतात. पांढऱ्या कोटातला माणूस पेशंटला आडवा पाडतो, पिरगाळतो, कडाड् आवाज येतो, पेशंट हसत उठतो. "हे असंच का?" एकेकाला टपरीवर सांगत बसण्यापेक्षा म्हणलं इथंच सविस्तर नोंद करून ठेवू. मी डॉक्टर नाही. वही ठेवणारा शेतकरी आहे. माझ्या वहीतलं आणि वाचून, विचारून पक्कं केलेलं तेवढंच लिहितो.

आधी दुखण्याची जात ओळखा

पोतं उचलताना कंबरेत चमक भरली, दोन दिवस सरळ होता आलं नाही, ही झाली उसण. ती बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण उतरते. दुखणं तीन महिन्यांच्या वर राहिलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. दोन्हींचा हिशोब वेगळा आहे, आणि आपली निम्मी गफलत इथंच होते.

जुनाट कंबरदुखीत दहातल्या जवळपास नऊ जणांना एक नेमकं कारण दाखवता येत नाही. हाड मोडलेलं नसतं, गाठ नसते, जंतू नसतो. दुखणं मात्र खरं असतं. जगभरात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती असा अंदाज आहे. म्हणजे आपण एकटे नाही.

माझं दुखणं अडीच वर्षांचं. शिवना नदीच्या अंगाला पाच एकर रान, त्यात कपाशी, मका, कांदा आणि अर्धा एकर अद्रक. पाठीवरचा पंप १६ लिटरचा, भरला की वीस किलोच्या घरात जातो. ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालवताना दर मिनिटाला मान आणि कंबर मागं वळवायची. युरियाची गोणी आता ४५ किलोची झाली, पण डीएपीची ५० चीच आहे. हे सगळ्यांचंच आहे, माझं काही वेगळं नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात एमआरआय झाला. रिपोर्टवर लिहिलं होतं, एल-४ एल-५ ची गादी फुगली आहे, झीज आहे. तिथल्या डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

शेतकऱ्याला वाकू नको म्हणणं म्हणजे शेती सोड म्हणणं. घरात त्या रात्री तोच विषय निघाला. थोरला वाळूजला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आबा, रान बटईनं देऊन टाका." रागानं म्हणाला नाही, काळजीनं म्हणाला. पण बटईनं रान दिलं की बांधावरून स्वतःच्या पिकाकडं पाहुण्यासारखं बघावं लागतं, हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळतं.

जुन्या पानावर डाग असतातच

या रिपोर्टबद्दल मला पुढं जे कळलं ते आधी सांगतो, कारण लासूर स्टेशनला असे रिपोर्ट पिशवीत घालून फिरणारे मी रोज बघतो.

२०१५ साली संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून तीन हजारांवर अशा माणसांचे मणक्याचे फोटो तपासले, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. पन्नाशीच्या माणसांत ८० टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ६० टक्क्यांची गादी फुगलेली दिसली. वीस वर्षांच्या पोरांतसुद्धा ३७ टक्क्यांना झीज होती. यातल्या कुणाचीच कंबर दुखत नव्हती.

आपल्या भाषेत सांगायचं तर खालच्या जुन्या पानावर डाग असतातच. प्रत्येक डाग बघून फवारणी करणारा शेतकरी खर्चात बुडतो. डाग किती, कुठं, वाढतोय का, शेंड्याला काय चाललंय, हे बघूनच चांगला कृषी सहाय्यक औषध सांगतो. मणक्याचंही तसंच. फोटो खोटा नाही, पण एकट्या फोटोवरून माणूस निकामी ठरत नाही. "गादी सरकली" हा शब्द ऐकला की माणूस हलायलाच भितो. मग न हलल्यानं स्नायू सुकतात आणि दुखणं वाढतं.

आपल्याकडचे हात

मणक्यावर हात ठेवून बरं करणं ही काही शहरातून आलेली गोष्ट नाही. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे. जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो पायाळू. माणसाला पालथं झोपवायचं आणि पायाळूनं कंबरेला तीनदा पाय लावायचा. आमच्या भावकीत एक आजी पायाळू होती. तिच्या दारात सकाळी माणसं यायची. आजी पैसे घ्यायची नाही, फक्त म्हणायची, "जा बाबा, उतरंल दोन दिसांत." आणि उतरायचं.

हसू नका. आजी म्हणायची ते खरंच होतं, कारण उसण बहुतेक वेळा उतरतेच. श्रेय पायाला मिळायचं. पण आजीनं आणखी एक काम केलेलं असायचं. घाबरलेल्या माणसाला तिनं हात-पाय लावला आणि उतरेल असा भरवसा दिला. भरवशानं माणूस हलायला लागतो, आणि हलणं हेच निम्मं औषध आहे.

दुसरा हात तालमीतल्या वस्तादाचा. पैलवान आखडला की वस्ताद तेल लावून चोळायचे, ताणून द्यायचे, आणि वर दम द्यायचे की उद्यापासून हळूहळू बैठका सुरू कर. तिसरा हात हाडं बसवणाऱ्याचा. त्याच्याबद्दल पुढं बोलतो, तिथं सावध राहायला पाहिजे.

व्हिडिओतला चौथा हात कायरोप्रॅक्टरचा. ती पद्धत अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ साली डी. डी. पामर नावाच्या माणसानं सुरू केली. बहुतेक सगळे आजार मणका जागेवरून हलल्यानं होतात, असं त्याचं म्हणणं होतं. ते म्हणणं टिकलं नाही. पण मणक्यावर हातानं काम केलं की कंबरदुखीला उतार पडतो, एवढा भाग पुढं तपासला गेला आणि थोडा टिकला. तेच काम आता शिकलेले फिजिओथेरपिस्टही करतात. ऑस्ट्रेलियातल्या जेफ्री मेटलंड यांनी हाताच्या दाबाच्या पायऱ्या ठरवल्या, अगदी हलक्या झुलवण्यापासून ते सांध्याच्या शेवटापर्यंत. त्यांचं मणक्याच्या उपचारावरचं पुस्तक १९६४ साली निघालं.

माझ्या कंबरेवर काय केलं

संभाजीनगरला एक फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत, माझ्या पुतणीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसतं विचारणं आणि तपासणं. पाय सरळ ठेवून वर उचलला, अंगठ्याची ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीला काही त्रास आहे का ते विचारलं, ताप येतो का, वजन घटलंय का विचारलं. रिपोर्ट सगळ्यात शेवटी बघितला.

मग पालथं झोपवलं आणि हाताच्या तळव्यानं एकेक मणक्यावर दाब द्यायला सुरुवात केली. हापसा मारावा तसं नाही, पाळणा हलवावा तसं. जिथं कडक होतं तिथं थांबून, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा पोटाशी घेतला, खांदा मागं धरला आणि एक छोटा, झटक्याचा दाब दिला. कट् आवाज आला.

मी म्हणलं, "मॅडम, बसलं का हाड?"

त्या म्हणाल्या, "काका, हाड उठलंच नव्हतं तर बसंल कुठून?"

मग त्यांनी समजावलं. दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, त्यात वंगणासारखं पाणी असतं. सांधा झटकन उघडला की आतला दाब एकदम कमी होतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, आवाज तिचा. बोटं मोडताना येतो तोच. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ठेवून हे बघितलंय. आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही, आणि नाही आला म्हणजे फुकट गेलं असंही नाही. हाताच्या दाबानं त्या जागेच्या नसा मेंदूला जो दुखण्याचा निरोप पाठवतात तो काही काळ मंद होतो, आवळलेले स्नायू सैल पडतात. हाड इकडचं तिकडं होत नाही.

उठलो तेव्हा खरंच हलकं वाटलं. वहीत लिहिलंय, दहापैकी सातवर असलेलं दुखणं चारवर आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. "दोन-तीन दिवस बरं वाटंल. त्या दिवसांत झोपून राहू नका. दिलेला व्यायाम त्याच दिवसांत करायचा, चालायचं. नाहीतर परत माझ्याकडं यायचं आणि मी परत दाबायचं, एवढंच होत राहील."

पॅसेंजरमधून परत येताना ते डोक्यात बसलं. मंडळी, हा वाफसा आहे. काळ्या रानात पाऊस पडला की लगेच आत जाता येत नाही, चिखल होतो. जास्त दिवस थांबलं तर ढेकूळ पडतं. मधले दोन-चार दिवस वाफशाचे, त्यात पेरलं तर उगवतं. पाऊस वाफसा आणून देतो, पेरून देत नाही. मणक्यावरचा हात तसाच. दुखणं उतरवून दोन-तीन दिवसांचा वाफसा देतो. पेरायचं आपल्याला असतं.

कंट्रोल प्लॉट काय सांगतो

आपल्या पानावर कृषी पदवीधर आणि साहेब लोक बरेच आहेत, ते लगेच विचारतील की एका माणसाच्या अनुभवाला किंमत किती. बरोबर आहे. एका वाफ्यात औषध मारलं, दुसऱ्यात नाही, तेव्हाच कळतं की करपा औषधानं थांबला का हवा कोरडी पडली म्हणून.

असे प्रयोग माणसांवर झालेत. २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४७ प्रयोगांचा, ९,२११ माणसांचा एकत्र आढावा आला. जुनाट कंबरदुखीत मणक्यावरच्या हाताच्या उपचाराचा फायदा व्यायामासारख्या मान्य उपचारांइतकाच निघाला. त्याहून फार जास्त नाही, कमीही नाही. त्रास झाला तो बहुतेकांना एक-दोन दिवस अंग दुखण्याइतकाच.

त्याआधी २००४ साली ब्रिटनमध्ये १,३३४ माणसांवर मोठा प्रयोग झाला. काहींना नेहमीचा सल्ला, काहींना वर व्यायाम, काहींना वर हाताचा उपचार, काहींना आधी हाताचा उपचार आणि मग व्यायाम. तीन महिन्यांनी शेवटच्या गटाला मध्यम फायदा दिसला, वर्षभरानं थोडा उरला. चमत्कार कुठल्याच गटात नाही. पण आधी हात आणि मग व्यायाम, हा क्रम कामाचा आहे एवढं त्यातून दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात दुखणं समजावून सांगणं, व्यायाम, मणक्यावरचा हाताचा उपचार, मालिश, मनाच्या ताणावरचा उपचार हे करावं म्हणलंय, आणि हे एकेकटं नाही, जोडीनं. आणि काय नको म्हणलंय ते नीट वाचा, कारण आपल्या गावागावांत तेच चालतं. नेहमीसाठी कंबरेचा पट्टा नको, वजनं लावून कंबर ओढणं नको, अफूच्या जातीची वेदनाशामकं नकोत. हाडाचं ऑपरेशन झालेल्या, हाड मोडलेल्या पेशंटची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा काढू नये.

इथं कुणालाही हात लावू देऊ नका

आता हाडं बसवणाऱ्याबद्दल. आमच्या नात्यातला एक गडी, वय चाळीस. कंबर दुखते म्हणून दोन महिने एका माणसाकडं जाऊन दाबून, तुडवून घेत होता. संध्याकाळी अंगात कसर असायची, वजन घटत होतं, पण त्याला कुणी ते विचारलंच नाही. पाय लटपटायला लागले तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाली, दीड वर्ष घेतली. आज काठी घेऊन चालतो, शेळ्या राखतो. ज्या मणक्याला किडीनं पोखरलंय त्यावर झटका मारणं म्हणजे पोखरलेल्या फांदीवर उभं राहणं.

म्हणून ही यादी मोबाईलमध्ये ठेवा. यातलं एकही असेल तर दाबणं, चोळणं, तुडवणं बंद, आधी डॉक्टर:

१) लघवी अडली किंवा कळत नाही, संडासावर ताबा नाही, बसायच्या जागेला बधिरपणा आलाय. यात त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, रात्र काढायची नाही.
२) पायातली ताकद जातेय, चालताना पायातली चप्पल निसटते, पाऊल उचलत नाही.
३) ताप, संध्याकाळची कसर, वजन घटणं, पडून राहिलं तरी रात्री न थांबणारं दुखणं.
४) झाडावरून, ट्रॅक्टरवरून, विहिरीत पडल्यानंतरचं दुखणं.
५) आधी कॅन्सर झालेला, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेली माणसं, हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं.

आणि ज्याच्या हातात कंबर देताय त्याला नोंदणी विचारा. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्याची परिषद आहे, नोंदणी क्रमांक असतो. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्या देशात अशी वेगळी परिषद नाही, त्यामुळं पाटी कुणीही लावू शकतो. बियाण्याच्या पिशवीवर आपण लॉट नंबर बघतो, इथं तर स्वतःचा मणका आहे. तपासल्याशिवाय पहिल्याच मिनिटाला झटका द्यायला येणारा असेल तर उठून यायचं.

वाफशात काय पेरलं

पाच आठवड्यांत सहा वेळा गेलो. सहा वेळचे मिळून २४०० रुपये आणि येण्या-जाण्याचं भाडं. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं चालणं, पालथं पडून हातावर छाती उचलणं, उताणं पडून कंबर वर उचलणं. तिसऱ्या आठवड्यापासून मॅडमनी वजन उचलायला लावलं. मी दचकलो. म्हणलं, "मला तर उचलायचं नाही सांगितलंय." त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला शेती करायची का नाही? मग कंबरेला सवय लावावी लागंल. गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी गाडीला जुंपता का?" पाच किलोच्या घमेल्यापासून सुरुवात केली. मग दहा. आठव्या आठवड्यात वीस किलो गुडघ्यातून वाकून, अंगाजवळ धरून उचललं. चालणं चाळीस मिनिटांवर गेलं. दुखणं तीनवर.

ते शून्यावर गेलेलं नाही. कांदा लागवडीत पुन्हा पाचवर चढलं, दोन आठवड्यांत उतरलं. आता चढलं तर मी घाबरत नाही, चालणं सोडत नाही. मला विचाराल तर फरक सगळ्यात जास्त इथं पडला.

कामातही बदल केले. पंपात १६ ऐवजी दहाच लिटर पाणी घेतो, खेपा वाढल्या तरी चालेल. खताची गोणी उचलायची नाही, ट्रॉलीतच फोडून घमेल्यानं काढायची. ट्रॅक्टरवर तासाला एकदा खाली उतरून पाच मिनिटं चालायचं, कारण बसून मिळणारे हादरेही कंबरेला लागतात. कोळपायला सायकल कोळपं घेतलं.

ज्यांचा एमआरआय कधी झाला नाही

हे सगळं चालू असताना एका रात्री वहीत आकडा लिहीत होतो. आमच्या घरच्या भाकरी करता करता म्हणाल्या, "तुम्हाला निदान वाकू नका म्हणणारं कुणी भेटलं. मला कुणी म्हणलं नाही."

मी विचारलं, "तुझी दुखती का?"

"थोरल्याच्या वेळेपासून."

थोरला सव्वीस वर्षांचा आहे.

त्यानंतर मी रानात डोळे उघडून बघायला लागलो. कांदा लागवडीला बाया सकाळी वाफ्यात वाकतात ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत. खुरपणी उकिडवी किंवा वाकून. कापूस वेचताना पाठीला ओटा बांधलेला, तो भरत जातो तसा जड होत जातो. लागवड उक्ती असेल तर थांबलं की पैसे कमी होतात, म्हणून कुणी थांबत नाही. पंप, गोणी, ट्रॅक्टर यांचं वजन सांगता येतं म्हणून आपल्या कंबरेला किंमत आहे. वाकण्याला वजन नाही, म्हणून त्यांचं दुखणं हिशोबात येत नाही. जगभरच्या आकड्यांत कंबरदुखी बायकांत पुरुषांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडं दवाखान्यात मात्र आधी पुरुष जातो.

आता दर मंगळवारी आमच्या घरच्या संभाजीनगरला जातात. मॅडमनी त्यांनाही तपासलं, हात लावला, व्यायाम दिला. पहिल्या दिवशी परत आल्यावर म्हणाल्या, "वीस-पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणी पाठीला हात लावून विचारलं, कुठं दुखतं." तिसरा आठवडा चालू आहे. त्यांचा आकडा त्या स्वतः लिहितात, मला दाखवत नाहीत.

लागवडीच्या बायांशी बोलून यंदा एक ठरवलं. सलग वाकायचं नाही. पाऊण तास लागवड झाली की निम्म्या जणी उठून रोपं उपटायला, जुड्या बांधायला, पाणी आणायला जायच्या, मग अदलाबदल. पैसे उक्तेच, त्यात कपात नाही. पहिल्या दिवशी दोन वाफे कमी झाले. चौथ्या दिवशी नेहमीइतके झाले, कारण दुपारनंतर कुणी कण्हत बसलं नाही. एक एकराचा, एका हंगामाचा अनुभव आहे, कंट्रोल प्लॉट नाही. म्हणून दावा करत नाही, नोंद करतो.

कृषी विभागातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना एक विनंती. पिकाचं प्रात्यक्षिक घेता तेव्हा एकरी उत्पादन आणि खर्च लिहिता. त्याच तक्त्यात एक रकाना घाला, या पद्धतीत माणूस किती तास वाकतो. पेरणीच्या कांद्यात किती, रोपाच्या कांद्यात किती. लांब दांड्याच्या खुरप्यानं किती, साध्यानं किती. तुम्ही मोजलं तर लोक ऐकतील.

बटईचा विषय सध्या मिटलाय. थोरल्यानं विचारणं सोडलंय. पाचातलं अर्धा एकर अद्रकीचं रान मात्र यंदा मक्याला दिलं, कारण अद्रकीची काढणी आमच्या दोघांच्याही कंबरेला सध्या झेपायची नाही. पुढच्या वर्षी बघू.

ज्यांनी ज्यांनी कंबरेसाठी हाताचा उपचार घेतलाय त्यांनी खाली लिहा. किती वेळा गेलात, किती दिवस बरं वाटलं, आणि त्या दिवसांत काय केलं. शेवटचा प्रश्न सोडू नका. आणि घरात बाईमाणसाला विचारून तिचंही लिहा.